रिकामा डोंगर आणि आपण

गुलमर्गहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात. बर्फ होता का? आणि फोटो काढले का? मी स्कीइंगच्या प्राथमिक वर्गासाठी तिथे गेले होते. तरी मलाही हेच विचारले गेले. काय शिकलीस, असे मात्र कुणी विचारले नाही. या लेखाचे निमित्त तेवढेच.

आम्ही रत्नागिरीकडची माणसे. बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीत फोडून टाकायची वस्तू, एवढीच आमची ओळख. त्यामुळे पहिले चार दिवस मी उभी कमी आणि आडवी जास्त होते. पण पडता पडता एक गोष्ट कळली. बर्फ एकाच जातीचा नसतो. हवा कडक थंड आणि कोरडी असेल तर तो पिठासारखा भुसभुशीत पडतो. मुठीत धरला तरी त्याचा लाडू होत नाही. पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळे पीर पंजालच्या रांगेवर अडतात आणि असा बर्फ तिथे भरभरून टाकतात. एकाच पायावर भार दिला की त्यात रुतायला होते. दोन्ही पायांवर सारखा भार ठेवला तर माणूस त्यावर तरंगतो म्हणतात. म्हणतात अशासाठी, की मी अजून रुतणाऱ्यांपैकीच आहे!

सुट्टीच्या दिवशी गोंडोलाने वर गेले. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ साली झाला, दुसरा २००५ साली. तो अफरवटच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. वर भाड्याचे कोट आणि गमबूट घातलेली गर्दी. फोटो, चहा, आणि परत रांग. त्या गर्दीपासून शंभर पावलांवर मात्र अख्खी उतरण कोरी होती. पाचसहा जण पायांत स्की अडकवून तिच्यावरून खाली गेले आणि दिसेनासे झाले. डोंगर एकच, आमच्यापुरता तो गजबजलेला, त्यांच्यापुरता रिकामा.

कुणी म्हणेल, मग आणखी हॉटेले बांधा, आणखी पाळणे टाका, स्थानिकांना रोजगार मिळेल. मला हे पटत नाही. दोन तास थांबणाऱ्या दहा हजारांपेक्षा दहा दिवस राहून शिकणारे शंभर जण त्या गावाला अधिक देतील असे माझे मत आहे. हेच मी एका स्लेजवाल्याला ऐकवले. धष्टपुष्ट प्रवाशाला चढावर ओढून त्याला धाप लागली होती. तो हसून म्हणाला, "दीदी, सगळे शिकले तर मी काय ओढू?" मी निरुत्तर झाले. त्याच संध्याकाळी प्रवासी गेल्यावर तोच माणूस जुन्या स्कींवर आमच्या शिक्षकांनाही हेवा वाटेल असा उतरताना दिसला. आपण त्याच्याकडून विकत घेतो ते त्याचे खांदे. ही विद्या शिकायला त्याच्याकडे कोण जातो?

स्कीइंग हा श्रीमंतांचा खेळ, हा आक्षेप अगदी खोटा नाही. १९२७ साली तिथे स्की क्लब काढला तो ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी. पण आज केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था गुलमर्गमध्येच आहे. आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता तो याच परिसरातला आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला.

रिकामेपणाचे कौतुक करताना एक सांगितलेच पाहिजे. कोऱ्या उतरणीवर हिमकडे कोसळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. वाटाड्याशिवाय तिकडे फिरकणे हे धाडस नव्हे. शिवाय आता बर्फाचाही भरवसा उरलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या उतरणी उघड्या पडल्या होत्या. २०२५ साली तिथले हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. शिकायचे तर फार वर्षे थांबून चालणार नाही.

आपले गिर्यारोहण मंडळ दरवर्षी राजमाची करते, हरिश्चंद्रगड करते. पुढच्या हिवाळ्यात दोन विद्यार्थ्यांना तरी प्राथमिक वर्गाला पाठवावे, आणि प्रवासखर्चाचा काही भाग मंडळाने उचलावा, असा अर्ज मी दिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.