घोडामैदान आयर्लंडचे

आयर्लंडच्या साहित्यिक सहलीचा एक ठरलेला साचा आहे. डब्लिनमध्ये जॉइसच्या पाऊलखुणा शोधायच्या, स्लायगोजवळ येट्सच्या थडग्यापाशी छायाचित्र काढायचे, मधे एखादा पडका किल्ला पाहायचा आणि परतताना विमानतळावर दोन पुस्तके घ्यायची. आमच्या काही प्राध्यापक-मित्रांच्या मनात अशी सहल घोळू लागली तेव्हा कागदावर हेच उतरले. माझे मत निराळे आहे आणि ते विक्षिप्त ठरण्याचा धोका पत्करून मांडतो. साहित्याच्या अभ्यासकाला आयर्लंड पाहायचे असेल तर त्याने आपली सहल तिथल्या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांभोवती आखावी.

‘रेस’ या शब्दाने मराठी मध्यमवर्गीय मन आक्रसते हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे माणसाला ‘रेसचा नाद’ लागतो आणि घर बसते. रेसकोर्स म्हणजे १८८३ सालापासूनचे महालक्ष्मी: टोप्या, तिकिटे, श्रीमंती आणि कुंपणाबाहेर उभे राहिलेले आपण. ही प्रतिमा घेऊन आयर्लंडला गेलो तर काहीच कळणार नाही. सत्तर लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या बेटावर पंचवीस-सव्वीस मैदाने आहेत, त्यांतली दोन उत्तर आयर्लंडमध्ये. बहुतेक मैदाने लहान गावांना बिलगलेली आहेत आणि वर्षातून मोजकेच दिवस जागी होतात. त्या दिवशी शेतकरी, पाद्री, शाळामास्तर, पुढारी सगळे तिथे असतात. आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट शोधायची तर ती महालक्ष्मीला सापडणार नाही. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत सापडेल. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या शर्यती थांबल्या आणि २०२३ साली घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, त्या काळात गावोगाव जी अस्वस्थता होती तिच्यामागे नुसता जुगार नव्हता.

आता साहित्याकडे येऊ. सिंजचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ हे नाटक १९०७ साली अ‍ॅबी थिएटरमध्ये आले तेव्हा प्रेक्षकांनी दंगा केला, हे आपण वर्गात सांगतो. तिसऱ्या अंकात समुद्राच्या वाळूवर खेचरांची शर्यत होते, ती रंगमंचावर दिसत नाही, खिडकीतून पाहणाऱ्यांच्या तोंडून आपल्याला कळते, हेही सांगतो. तंत्र म्हणून त्याचे कौतुक करून आपण पुढे सरकतो. ती वाळू कसली, ओहोटी किती वेळ टिकते, गाव खिडकीला का चिकटते, हे प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत आणि आपल्यालाही सुचत नाहीत. बापाला मारल्याची नुसती कथा सांगून जो नायक झाला, त्याला गावासमोर काहीतरी खरोखर जिंकून दाखवायला शर्यत लागते. आणि नेमके त्याच वेळी, त्या खिडकीतून, न मेलेला बाप त्याला ओळखतो. शर्यत काढून टाकली तर त्या नाटकाचा कणाच निखळतो.

‘युलिसिस’मधली शर्यत इंग्लंडातल्या अ‍ॅस्कॉटची आहे, पण तिचा धुरळा सगळा डब्लिनमध्ये उडतो. वर्तमानपत्र टाकूनच देणार होतो, असे ब्लूम सहज म्हणतो आणि ऐकणारा त्यातून ‘थ्रोअवे’ या घोड्याची खूण समजून घेतो. १६ जून १९०४ रोजी तो घोडा खरोखरच एकास वीस या भावाने गोल्ड कप जिंकला. संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात अफवा पसरते की ब्लूमने पैसे कमावले आणि कोणाला एक पेलाही पाजला नाही. त्या संशयात त्याचे ज्यू असणे मिसळते आणि प्रकरण हातघाईवर येते. परक्याविषयीचा द्वेष एका घोड्याच्या नावावरून कसा पेटतो, हे समजायला डब्लिनच्या गल्ल्यांचा नकाशा पुरत नाही; बाजी लावणाऱ्यांची भाषा कानावर पडावी लागते.

येट्सशी मात्र माझे भांडण आहे. १९१० सालच्या संग्रहातल्या ‘अ‍ॅट गॅलवे रेसेस’ या कवितेत त्याला शर्यतीच्या गर्दीत एकजीव झालेला समाज दिसतो आणि कवींनाही पूर्वी असा श्रोतृवर्ग होता, व्यापारी-कारकुनी जगाने तो हिरावला, अशी खंत तो व्यक्त करतो. देखणी कल्पना आहे. पण ही गर्दी जमीनदाराच्या दिवाणखान्यातून पाहिलेली वाटते. गॅलवेजवळच्या बॅलिब्रिटला १८६९ सालापासून शर्यती होतात आणि आता जुलैअखेरीस तिथे सात दिवसांचा मेळा भरतो. त्यात कारकून आणि व्यापारीच तर असतात! आणि हरणारा व जिंकणारा एकमनाचे कसे असतील? मैदानावर उभे राहूनच ही कविता तपासायला हवी, आणि म्हणूनच गॅलवेचा आठवडा टाळू नये असे मी म्हणेन, जरी त्या दिवसांत खोल्यांचे दर डोळे पांढरे करणारे असले तरी.

फेअरीहाउसचे नाव आमच्या यादीत कोणी घेतले नव्हते. डब्लिनपासून जवळ, मीथ परगण्यात हे मैदान आहे. ईस्टरच्या सोमवारी तिथे आयरिश ग्रँड नॅशनल धावते. १९१६ साली त्याच सोमवारी, २४ एप्रिलला, डब्लिनमध्ये उठाव झाला आणि अनेक ब्रिटिश अधिकारी त्या वेळी फेअरीहाउसला शर्यत पाहत होते. ‘ईस्टर, १९१६’ शिकवताना मी हा तपशील सांगतो तेव्हा वर्ग हसतो. मग हळूहळू गप्प होतो.

किल्डेअरमधला करा हा सपाट माळ सर्वांत नामवंत. १८६६ सालापासून आयरिश डर्बी तिथे होते. शेजारी टली येथे विल्यम हॉल वॉकर या गृहस्थाने १९०० साली अश्वपैदास केंद्र काढले. हा माणूस प्रत्येक शिंगराची जन्मपत्रिका मांडून घेई आणि ग्रह प्रतिकूल दिसले तर ते विकून टाकी. तबेल्यांच्या छपरांना त्याने झरोके ठेवले, चंद्र-ताऱ्यांचा प्रभाव आत पोचावा म्हणून. पाश्चात्त्यांच्या विवेकनिष्ठेवर व्याख्याने झोडणाऱ्यांनी इथे जरूर जावे. याच परिसराशी आपला एक धागाही जुळतो. पुण्यात १८९२ साली महाल बांधणारे तिसरे आगाखान यांच्या घराण्याची अश्वशाळा इथेच वाढली. त्यांच्या नातवाचा ‘शेरगार’ हा घोडा १९८१ साली एप्सम डर्बी दहा लांबींनी जिंकला आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये इथूनच पळवला गेला. तो पुन्हा कधीच सापडला नाही.

पण मला विचाराल तर सहलीचा गाभा सप्टेंबरात आणि केरीतल्या लिस्टोवेल या गावात आहे. सुगी संपल्यावर फील नदीच्या काठी, गावाला खेटून, तिथे आठवडाभर शर्यती चालतात. जमिनीच्या हव्यासावर ‘द फील्ड’ (१९६५) हे नाटक लिहिणारा जॉन बी. कीन याच गावात गुत्ता चालवत असे. ब्रायन मॅकमहन याच गावचा शाळामास्तर. दरसाल लेखकांचा सप्ताह भरवणारे गाव आणि सुगीनंतर घोड्यांवर पैसे उधळणारे गाव एकच आहे, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. आपल्या साहित्य संमेलनाच्या मांडवाशेजारी बैलगाड्यांचा घाट असता तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. जुगाराने तिथलीही घरे बसतात; २०२४ साली आयर्लंडला जुगारनियमनाचा नवा कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. आणि अडथळ्यांच्या शर्यतीत घोडे पडतात, मरतात. १७५२ साली कॉर्क परगण्यात दोघांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, कुंपणे नि ओढे ओलांडत, घोडे फेकले, तेव्हापासून हा धोका त्या खेळाच्या गाभ्यातच आहे. मी बाजी लावणार नाही. पण न पाहण्याने माझे हात स्वच्छ राहतात, असेही मला वाटत नाही. ज्या समाजाचे साहित्य आपण पदवीसाठी नेमतो त्याची ही बाजू वगळून शिकवणे मला अधिक अप्रामाणिक वाटते.

व्यवहाराचे थोडे. आयर्लंडला शेंगेन व्हिसा चालत नाही, आणि उत्तरेकडच्या डाउनपॅट्रिकला जायचे तर ब्रिटनचीही परवानगी लागते. करा आणि लेटाउन डब्लिनहून आगगाडीने जमतात. लिस्टोवेलसाठी ट्रॅलीपर्यंत गाडी, पुढे बस. मैदानांची संख्याही गृहीत धरू नये: ऑगस्ट २०२५ मध्ये थर्लसचे मैदान चालवणाऱ्या कुटुंबाने ते बंद करत असल्याचे जाहीर केले. सिंजची वाळू पाहायची तर मीथमधल्या लेटाउनला पर्याय नाही. १८६८ सालापासून तिथे समुद्रकिनाऱ्यावर वर्षातून एकदा, सहसा सप्टेंबरात, शर्यती होतात. कायमचे मैदान नाही, प्रेक्षागार नाही. वरच्या शेतात तंबू ठोकतात आणि ओहोटी लागली की वाळूवर खुंट रोवतात. दिवस भरती-ओहोटी पाहून ठरतो. तेव्हा आधी लेटाउनची तारीख कळू द्यावी, आणि मगच विमानाची तिकिटे काढावीत.