एलीयाची भाकर

आंबिया बहार धरायचा असला की मोर्शी-वरुडचा संत्रा बागायतदार झाडांचे पाणी तोडतो. याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, काही गळतात. ताण नीट बसला तर फूल भरून येते. जास्त झाला तर फांद्या वाळतात आणि झाड हातचे जाते. म्हणून कास्तकार रोज बागेत फिरतो, पान हातात घेऊन बघतो आणि वेळ ओळखून ताण तोडतो. पहिले पाणी बेताचेच देतो. झाडाचा ताण ज्याला इतका नेमका कळतो, त्याचा स्वतःचा ताण बघायला मात्र बांधावर कुणी येत नाही. अप्पर वर्धा धरण उशाशी असून इथले बोअर आटतात. फळगळ होते, डिंक्या लागतो, भाव पडतो, आणि मग एखाद्या सकाळी नको ती बातमी येते.

अशाच एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो. ओसरीवर बसलेल्या एका ख्रिस्ती बांधवाने सांगून टाकले, "जीव देवानं दिला, तो आपल्या हातानं घेतला तर थेट नरक. मेल्यावर पश्चात्ताप कुठं करणार?" दाराआड त्या माणसाची बायको उभी होती.

या म्हणण्यातला पहिला भाग मी पूर्ण मानतो. जीव आपल्या मालकीचा नाही, तो सांभाळायला मिळालेला आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने हत्येची मनाई स्वतःलाही लागू होते असे मांडले, आणि ते सैल करायला मी तयार नाही. पण कृत्य चूक आहे असे म्हणणे वेगळे आणि त्या माणसाचा शेवटचा निकाल आपण लावणे वेगळे. तारण कृपेने मिळते असे आपणच शिकवतो. ते शेवटच्या श्वासातल्या पश्चात्तापावर अडत असेल, तर झोपेत किंवा अपघातात गेलेल्यांचे काय? कॅथलिक चर्चच्या 1917च्या संहितेने जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. 1983च्या संहितेत ती मनाई उरली नाही. 1992च्या धर्मशिक्षणग्रंथात तर स्पष्टच आहे की गंभीर मानसिक व्याधी, तीव्र वेदना किंवा भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाची आशा सोडू नये. शिवाय नरकाच्या धाकाने कुणी थांबते, हे मला पटत नाही. आपण घरच्यांना ओझे झालो असे ज्याला वाटते, तो धाकाने फक्त गप्प होतो. ते गप्प होणेच मला सगळ्यात भयंकर वाटते.

दुसरे बोलणे प्रार्थनासभांत हमखास ऐकू येते: विश्वास पक्का असेल तर नैराश्य येतच नाही, गोळ्या कशाला? असे म्हणणाऱ्यांनी पवित्र शास्त्र पुन्हा उघडावे. ईयोबाने आणि यिर्मयाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. पौलाने करिंथकरांना कळवले की आपण जगण्याचीही आशा सोडली होती. एलीया तर रानात झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. तेव्हा देवदूत त्याला काय सांगतो? विश्वास वाढव म्हणत नाही, पापाचा हिशेब मागत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. पुढची वाट मोठी आहे, एवढेच सांगतो. हेच ताण तोडणे. मनाच्या आजारावरची गोळी मी त्याच भाकरीच्या रांगेत ठेवतो.

तिसरा आक्षेप शेतकरी चळवळीतल्या मित्रांचा, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. प्रश्न कर्जाचा, भावाचा, पाण्याचा. तुम्ही श्रद्धेची गुंगी देऊन सरकारला मोकळे सोडता, असे ते म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी कुटुंबासह जीवन संपवले. तेव्हापासून इतकी वर्षे लोटली, तरी मदतीचा एक लाख रुपया माणूस गेल्यावरच येतो, तोही 'पात्र' ठरला तर. यावरचा राग रास्त आहे आणि तो चर्चच्या आवारातही बोलला गेला पाहिजे. पण कर्जमाफीची यादी लागेपर्यंतची रात्र कशी काढायची, याचे उत्तर त्या रागात नाही.

पंडिता रमाबाईंच्या घरात अशी रात्र आली होती. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या, ख्रिस्ती व्हायच्या होत्या. 1874च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात घरातला दाणा संपला. सगळे कुटुंब मरण पत्करून रानात गेले, झाडपाल्यावर दिवस काढले. थकलेल्या वडिलांनी, अनंतशास्त्र्यांनी, स्वतःच देह ठेवायचे ठरवले. तेव्हा रमाबाईंचा भाऊ पुढे झाला: प्रतिष्ठा सोडतो, मोलमजुरी करतो, पण असे करू नका. वडील पुढे थोड्याच दिवसांत गेले, पण आपल्या हाताने नाही. नंतर आई गेली, बहीण गेली. हे सगळे पोटात घेऊन रमाबाई 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली गोळा करून आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना आधी जेवण आणि निवारा मिळाला. सुतकताई, छपाई, शेती ही कामे त्या मुली पुढे शिकल्या. माझी श्रद्धा म्हणजे ही आहे. तिला गुंगी म्हणू नका.

मागच्या थंडीत आमच्या ओळखीतला एक जण संध्याकाळचा बांधावर बसून असायचा. बाग ताणावर होती. मी शेजारी बसलो आणि सरळ विचारले, "दादा, मरायचं मनात येते काय?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत खोटी आहे. उलट माणूस मोकळा होतो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "येते." त्या रात्री तो आमच्याकडे जेवला. फवारणीचे डबे मी त्याच्या कोठ्यातून उचलून आणले. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी नंबरवर दोघांनी मिळून फोन लावला. तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात. सोमवारी बँकेत त्याच्यासोबत गेलो, नंतर डॉक्टरकडेही. प्रार्थना झाली ती तिसऱ्या आठवड्यात, त्यानेच विषय काढला तेव्हा. बागेला पहिले पाणी त्याच दिवशी सोडले होते, आणि मध्येच उठून तो दांड बदलून आला.