आलेलं गिऱ्हाईक हाकलणारे

अर्नाळा, राजोडी, कळंब या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवाल्यांना माझा एकच सवाल आहे. गेल्या उन्हाळ्यात तुमच्याकडे आलेल्या कुटुंबांपैकी किती पुन्हा आली? कुणालाच सांगता येत नाही. गूगल आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर महिन्याला किती गेले, वर १८ टक्के जीएसटी किती बसला, हे मात्र तोंडपाठ.

मी वसईकर आहे आणि इथला पैसा असा वाहून जाताना बघून मला संताप येतो. गूगलने २००२ मध्ये क्लिकमागे बोली लावायची पद्धत आणली. क्लिक करणाऱ्याने खोली घेतली काय, पुढच्या क्षणी पान बंद केलं काय, पैसे कापले जातातच. शेजाऱ्याने बोली चढवली की तुमचाही क्लिक महागतो. त्याहून वाईट म्हणजे, जुनं गिऱ्हाईक तुमचंच नाव शोधतं, वर दिसणाऱ्या तुमच्याच जाहिरातीवर बोट ठेवतं, आणि आपल्याच माणसासाठी तुम्ही पुन्हा पैसे मोजता. त्याच्याकडे तुमचा नंबर असता तर हा खर्च झालाच नसता.

एवढे पैसे ओतून आणलेल्या माणसाचं तुम्ही काय करता? माझ्या पाहुण्यांना एका ठिकाणी जाहिरातीतला दर दारातच नाकारला, कारण काय तर शनिवार. फोटोत निळाशार दिसलेल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी हिरवट होतं. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, रजिस्टरात नंबर उतरवला, आणि निघताना ‘पुन्हा या’ म्हणायलाही कुणी उठलं नाही. अशा माणसाच्या मागे मग रीमार्केटिंग लावायचं, म्हणजे तो बातम्या वाचत असताना त्याला तोच तलाव दाखवत राहायचं. हे त्याच्या जखमेवर मीठ चोळणं आहे, आणि मिठाचे पैसेही तुम्हीच भरता.

ज्या वसईने मुंबईला दुधाचे रतीब घातले, त्या वसईत हे चालावं? पहाटेच्या लोकलने मुंबईला भाजी नेणाऱ्या आमच्या बायकांना कुठल्या घरी अळू लागतं, कुठे केळफूल, कोण महिनाअखेरीस पैसे देतं, हे पाठ असायचं. एक दिवस शिळी जुडी दिली तर उद्या दार उघडणार नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

गिऱ्हाइकाची तशीच ओळख ठेवायला आज साधनही आहे: भारतात २०१८ पासून व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट मिळतं. त्यातला ब्रॉडकास्ट निरोप ज्याने तुमचा नंबर जपून ठेवलाय त्यालाच पोचतो. म्हणून निघणाऱ्या कुटुंबाला विचारून, त्यांच्या संमतीने, तिथल्या तिथे तुमचा नंबर जपायला सांगा. परवानगीशिवाय रजिस्टरातले आकडे उचलून रोज शुभ सकाळ पाठवाल तर लोक ब्लॉक करतील, आणि योग्यच करतील. वर्षातून दोन-तीन निरोप पुरेत. पाऊस सरला, राजेळी केळ्यांची सुकेळी मिळू लागली, कार्तिकात निर्मळची जत्रा भरतेय, एवढं सांगा. मागच्या वेळी आलेल्यांना मागचाच दर द्या, शनिवार असला तरी.

दिवाळीच्या जाहिरातींची रक्कम लवकरच ठरेल. तिच्यातले निम्मे पैसे आधी तलाव साफ करण्यावर, फोन उचलणाऱ्या माणसाच्या पगारावर आणि जुनं रजिस्टर उघडण्यावर घाला. उरलेल्या निम्म्यातून नवी माणसं आणा, आणि त्यातली किती परत आली ते पुढच्या मे महिन्यात मला आकड्यात सांगा.