सुई, डाळ आणि बुडालेली रोजी

२०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीकडे गोवर पसरला आणि लहान मुलं दगावली. मालेगाव, भिवंडीतूनही गोवराच्या बातम्या येत होत्या. त्या दिवसांत आपल्या वस्त्यांबद्दल एक वाक्य जिथे तिथे ऐकू यायचं : "हे लोक लसच घेत नाहीत." नकार देणारी घरं नव्हतीच, असं आम्ही म्हणणार नाही. पण लस राहून गेलेलं प्रत्येक घर नकार देणारं होतं का? नकार असेल तर समजूत घालावी लागते. फेरीच चुकत असेल, तर समजूत घालून काय होणार?

हा फरक मोजून दाखवणारं एक काम राजस्थानात, उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत झालं आहे. तिथली वस्ती बरीचशी आदिवासी, हातावर पोट असलेली. काम करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. मायकेल क्रेमर यांच्यासह या दोघांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आणि आई निर्मला माहेरच्या पाटणकर, त्याही अर्थतज्ज्ञ. आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.)

लस सरकारी उपकेंद्रात फुकटच होती. पण आधीच्या एका पाहणीत ही उपकेंद्रं निम्म्याहून अधिक वेळा बंद आढळली होती. मूल कडेवर घेऊन, त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून बाई येणार आणि दाराला कुलूप. पुन्हा कोण येईल?

'सेवा मंदिर' या तिथल्या संस्थेच्या मदतीनं १३४ गावं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची तीन गटांत वाटणी केली. नशिबावर सोडण्याला कारण होतं. संस्थेनं स्वतः गावं निवडली असती, तर सडकेलगतची, हुशार सरपंचाची गावं आधी आली असती आणि तिथलं यश योजनेचं की सडकेचं, हे कधी कळलंच नसतं. ३० गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी, न चुकता लसीचं शिबिर भरू लागलं. आणखी ३० गावांत तसंच शिबिर, शिवाय प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पुऱ्या झाल्या की जेवणाच्या थाळ्यांचा संच. उरलेल्या ७४ गावांत जे चाललं होतं तेच चालू राहिलं.

या शेवटच्या गावांत शंभरातल्या ६ मुलांच्या लसी पूर्ण झाल्या. नुसत्या शिबिराच्या गावांत १८. डाळीच्या गावांत ३९.

"आपल्याच लेकराच्या जिवासाठी आईला लालूच कशाला?" असं कुणी विचारेल, आणि प्रश्न अगदी बिनबुडाचा नाही. पण डाळ किती रुपयांची होती? त्या वेळच्या भावानं चाळीसेक रुपयांची. लस बाळाला घातक आहे अशी जिची खरोखर खात्री असेल, ती आई चाळीस रुपयांच्या डाळीसाठी बाळाला सुई टोचून घेईल का? म्हणजे मनात नकार नव्हता. आज खाडा नको, पुढच्या महिन्यात बघू, एवढंच होतं. पहिल्या लसीला दोन्हीकडच्या शिबिरांत मुलं आलीच. फरक पडला तो पुढच्या फेऱ्यांत. पहिल्या सुईनं मूल रात्रभर तापलं, वर पाचव्यांदा रोजी बुडवायची, अशा वेळी किलोभर डाळ उपयोगी पडली.

खर्चाचा हिशेब तर आणखी मजेचा. नुसत्या शिबिरात लसी पूर्ण झालेल्या दर मुलामागे सुमारे ५६ डॉलर पडले, डाळीसकट २८. नर्सबाईंचा पगार, गाडी, बर्फाची पेटी हा खर्च पाच मुलं आली तरी तेवढाच आणि पंचवीस आली तरी तेवढाच. डाळ वाटून शिबिर स्वस्त पडलं!

अर्थात ३९ म्हणजे ६१ मुलं राहिलीच, हे विसरायला नको. पुढे हरियाणात याच मंडळींनी सरकारबरोबर मोठी चाचणी घेतली. त्यात मोबाइलचा रिचार्ज होता, आठवणीचे मेसेज होते आणि तिसरी एक गोष्ट होती : गावकऱ्यांनाच विचारलं, तुमच्यात खबर झटकन सगळीकडे पोहोचवतो कोण? अशा बोलक्या माणसांना लसीची तारीख सांगत राहण्याचं काम दिलं. पैशाच्या मानानं सगळ्यात किफायतशीर ठरली ती ही माणसं आणि त्यांच्या जोडीला मेसेज, बक्षीस काहीही न देता.

अशी एखादी आपा, एखादी खाला आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात असते. निकाह ठरल्याची खबर मुलाच्या मामूंच्या आधी तिला असते. आशाताईंनी घरोघर फिरण्याआधी तिला गाठावं असं आम्हाला वाटतं. आणि वस्तीची यादी करताना 'लस नाही' असा एकच रकाना न ठेवता, नको म्हणालेली घरं वेगळी आणि फेरी चुकलेली घरं वेगळी लिहावीत. दुसऱ्या रकान्यातल्या घरांना भाषण नको आहे. त्यांना संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, गल्लीतच भरणारं शिबिर हवं आहे.

तोवर घरातलं लसीचं कार्ड काढून बघा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. बाळ चालायला लागलं की हा दुसरा डोस मागे राहतो. त्याची तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.