पाणी हिरवट दिसलं तर…

41वा आठवडा होता. घरीच पाणमोट फुटली. पाणी हिरवट होतं. मी मोबाइलवर अर्थ शोधत बसलो. आई ओरडली, "आधी गाडी काढ!"

बाळानं पोटातच पहिली शी केली होती. ती श्वासाबरोबर फुप्फुसात गेली, की श्वासनळ्या तुंबतात. जन्मल्यावर लेक कण्हत होती. श्वास मिनिटाला 60च्या वर, बरगड्यांखाली खड्डा पडायचा. तीन दिवस ऑक्सिजनवर होती. आता घरभर धावते.

हिरवट पाण्यातली बहुतेक बाळं ठणठणीतच असतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. कळांची वाट पाहू नका, पाण्याचा रंग फोनवर कळवा आणि लगेच निघा. शोधाशोध नंतर.