ओसाड म्हटलेल्या माळाचे छायाचित्र

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडच्या रस्त्याने एप्रिल महिन्यात जाणारा पुण्या-मुंबईचा प्रवासी खिडकीबाहेर पाहून बेधडक 'वाळवंट' हा शब्द वापरतो. वर्षाकाठी अडीचशे मिलिमीटरहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला भूगोलात सामान्यतः वाळवंट म्हणतात. बीड जिल्ह्याची सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटरची आहे. हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे, आणि त्यात जे तुकडे अजून नांगराखाली आलेले नाहीत ते गवताळ माळ आहेत. हा केवळ शब्दांचा घोळ असता तर सोडून देता आला असता. परंतु सरकारी दप्तरात माळाला पडीक म्हणतात, केंद्र सरकारच्या पडजमिनींच्या नकाशासंग्रहातही बरीच गवताळ जमीन त्याच सदरात मोडते. आणि एकदा पडीक ठरलेली जमीन कारखान्याला, सौर प्रकल्पाला किंवा वृक्षलागवडीच्या कंत्राटाला देताना तिथे गुरे चारणाऱ्यांना फारसे कोणी विचारत नाही.

कुमारवयीन मुलामुलींसाठी होणाऱ्या निसर्ग-छायाचित्रणाच्या स्पर्धांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाशी निगडित असलेली, 1965 साली सुरू झालेली स्पर्धा यांतील सर्वांत नावाजलेली. तीत दहापर्यंत, अकरा ते चौदा आणि पंधरा ते सतरा असे मुलांचे वेगळे गट असतात. ही सुखवस्तूंची हौस आहे असे म्हणून कार्यकर्ते विषय झटकून टाकतात. प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे, पण उथळ आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांनी काढलेली छायाचित्रे एका पक्षाच्या पत्रातूनच देशापुढे आली, आणि जे अहवालांना साधले नाही ते त्यांनी साधले. कॅमेरा कोणाच्या हातात आहे आणि तो कशाकडे वळवला आहे, हा राजकीय प्रश्न आहे.

तो सध्या कोणाच्या हातात आहे? दूरचे हरीण टिपणाऱ्या भिंगाची किंमत काही लाखांत जाते. जंगलात जाण्यासाठी गाडी लागते. पण याच लंडनच्या स्पर्धेत 2018 साली दहा वर्षांपर्यंतच्या गटाचा पुरस्कार पंजाबातील कपूरथळ्याजवळ एका जुन्या नळात बसलेल्या दोन पिंगळ्यांच्या चित्राला मिळाला, आणि 2021 साली बंगळूरच्या मुलाने भिंतीच्या फटीतील कोळ्याचे जाळे मागून जाणाऱ्या रिक्षाच्या रंगांवर टिपले, त्याला मिळाला. यांपैकी कशालाही अभयारण्य लागले नाही. लागली ती फुरसत, आणि हातात आलेला कॅमेरा.

बीड जिल्ह्यातील पोराला हीच फुरसत नसते. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि होळी-पाडव्याच्या सुमाराला परततात. मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी माळावर उतरतात ते नेमके याच महिन्यांत. त्यांना पाहू शकणारी मुले तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात आईबापांच्या कोयत्यामागे मोळ्या बांधीत असतात. घरी परतल्यावर त्यांच्यासाठी उरतो तो उन्हाळा, आणि त्यातही पाहण्यासारखे काही कमी नाही. दख्खनच्या उघड्या माळांवर याच दिवसांत गळ्याची निळी-काळी-नारिंगी पिशवी फुलवून दगडावर उभा राहणारा एक सरडा आढळतो. 2016 साली शास्त्रज्ञांनी त्याच्या गटाला स्वतंत्र प्रजाती-नाव दिले, ते 'सरडा' या मराठी शब्दावरूनच. त्याचे चित्र घ्यायला लाखाचे भिंग लागत नाही. साधा मोबाइल, पोटावर झोपण्याची तयारी आणि उन्हाची सवय पुरते, आणि यातील शेवटची गोष्ट दिंद्रुडच्या पोराकडे जन्मतःच असते.

बक्षिसाचा लोभ निसर्गालाही खोटे बोलायला लावतो. लंडनच्या स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळालेला 2009 चा सर्वोच्च मान 2010 मध्ये काढून घ्यावा लागला, कारण लांडगा बहुधा पाळीव आहे असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. यापेक्षा सभ्य, म्हणून कोणी न पकडणारे असत्य म्हणजे चौकटीतून माणूस कापून टाकणे. दख्खनचा लांडगा मुख्यतः अभयारण्याबाहेर, धनगराच्या मेंढरांच्या आसपास जगतो. त्याला मेंढरांशिवाय दाखवणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे.

हे कापणे सरकारनेही करून पाहिले आहे. सोलापूर-नगर भागात 1979 साली माळढोकासाठी आठ हजार चारशे शहाण्णव चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आखले गेले, ज्यात गावे, शेते, बाजार सारे आले. जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांनी शेतकरी त्या पक्ष्यालाच शत्रू मानू लागला. पुढे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान माळावर ऊस आला आणि माळढोक आज तिथे क्वचितच दिसतो. त्याच्या पूर्वीच्या विणीला आधार झाला होता तो नान्नजच्या परिसरात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली राखलेल्या गवताच्या कुरणांचा. दुष्काळनिवारणाच्या पैशाने पक्षी जगला, हे विसरता कामा नये.

एक सावधगिरी मात्र हवी. गायरानावर भूमिहीन दलितांनी केलेला दावा हा 1959 आणि 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून चालत आलेला न्याय्य दावा आहे. माळाच्या सौंदर्याची चित्रे त्या कुटुंबांना हुसकावण्यासाठी वापरली गेली, तर मुलांचे श्रम वाया गेले असे नव्हे, उलटे फिरले असे म्हणावे लागेल.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 साली राज्य सरकारने वसतिगृहांची योजना मंजूर केली. आईबाप तोडीला गेले तरी मूल शाळेत राहावे, हा तिचा हेतू. अशा प्रत्येक वसतिगृहात चार-पाच कॅमेरे का नसावेत? जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधूनही दिसणार नाही इतकी किरकोळ आहे. स्पर्धा तालुक्याची असावी, प्रवेशशुल्क नसावे, चित्राचा हक्क मुलाकडेच राहावा, पक्ष्याच्या घरट्याजवळ जाण्यास मनाई असावी, आणि चौकटीत मेंढपाळ, मोळी वाहणारी बाई किंवा पाण्याचा टँकर आला म्हणून गुण कापले जाऊ नयेत. निवडलेली चित्रे जिल्ह्याच्या सभागृहात लावण्याआधी दिंद्रुडच्या आणि शेजारच्या गावांच्या ग्रामपंचायतींच्या भिंतींवर लावावीत, ज्या दिवशी ग्रामसभेपुढे गायरानाचा विषय असेल त्या दिवशी.