परक्याच्या ओंजळीने प्यालेले स्वातंत्र्य

बोस्नियात निःपक्ष दूरचित्रवाणी रुजली नाही, कारण तिथल्या लोकांनाच ती नको होती. सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक या तिघांनाही आपापल्या बाजूचेच ऐकायचे होते, असे एक मत गेली पंचवीस वर्षे मोठ्या विद्वत्तेच्या आविर्भावात मांडले जात आहे. हे मत सोयीचे आहे. त्यात दात्यांचा दोष झाकला जातो, राज्यकर्त्यांचा दोष झाकला जातो, आणि ज्याला बोलण्याची संधीच मिळाली नाही त्या सामान्य प्रेक्षकाच्या माथी सारे खापर फुटते. प्रस्तुत लेखकास हे मत मुळीच मान्य नाही. प्रश्न लोकांच्या मनाचा नव्हता. प्रक्षेपणाचा मनोरा कुणाच्या ताब्यात आणि पैसा कुणाच्या हातून येणार, एवढाच तो होता.

थोडे मागे जाऊन पाहू. युगोस्लाव्हिया मोडकळीस आलेला असताना ऑक्टोबर १९९० मध्ये सारायेव्होहून ‘युटेल’ ही वाहिनी सुरू झाली. साऱ्या देशाला एकच बातमी सांगावी, हा तिचा हेतू होता. जुलै १९९१ मध्ये तिने सारायेव्होच्या झेत्रा सभागृहात शांततेसाठी भरवलेल्या मैफलीला लोकांनी अलोट गर्दी केली. ज्यांना ‘निःपक्ष बातमी नको होती’ म्हणतात, तेच हे लोक! परंतु युटेलचे स्वतःचे मनोरे नव्हते. तिला प्रजासत्ताकांच्या प्रक्षेपकांवर विसंबावे लागे, आणि ती प्रजासत्ताके तिला रात्री उशिराची वेळ देत, नाही तर वगळत. मे १९९२ मध्ये ती बंद पडली. दरम्यान १९९१ मध्येच वायव्य बोस्नियातील कोझारा पर्वतावरचा प्रक्षेपक सशस्त्र सर्ब गटाने ताब्यात घेतला होता, आणि त्या टापूतील घरांत सारायेव्होऐवजी बेलग्रेडचा कार्यक्रम दिसू लागला होता. एप्रिल १९९२ मध्ये युद्धास तोंड फुटले. मनोऱ्यावर मात्र ते त्याआधीच सुरू झाले होते.

सुमारे एक लाख माणसांचा बळी घेऊन हे युद्ध डिसेंबर १९९५ मध्ये डेटन कराराने थांबले. बंदुका थांबल्या, वाहिन्या थांबल्या नाहीत. तेव्हा उच्च प्रतिनिधी कार्ल बिल्ट यांच्या कार्यालयाने पाश्चात्त्य देशांच्या पैशावर नवी वाहिनी उभारली. तीच पुढे ‘ओपन ब्रॉडकास्ट नेटवर्क’ म्हणून ओळखली गेली. सारायेव्हो, झेनित्सा, तुझला आणि मोस्तार येथील स्थानिक केंद्रे जोडून ७ सप्टेंबर १९९६ रोजी तिचे प्रक्षेपण सुरू झाले. मतदान होते १४ सप्टेंबरला! चार वर्षे विष पाजलेल्या समाजाला सात दिवसांत उतारा देण्याची ही योजना होती. सारायेव्होतील सत्ताधाऱ्यांनी परवानगीत चालढकल केली हे खरे. पण घोड्यापुढे गाडी जुंपणारा केवळ अडवणूक करणाऱ्याला दोष देऊन सुटू शकत नाही. लोकांनी तिचे नाव ‘बिल्टची वाहिनी’ ठेवले, आणि त्या एका नावात तिचे भवितव्य सांगून टाकले.

दुसरा उपाय सैन्याचा झाला. पाले येथील सर्ब दूरचित्रवाणी शांतिसेनेची तुलना नाझींशी करीत होती. हेगच्या न्यायाधिकरणाच्या मुख्य अभियोक्त्या लुईझ आर्बर यांच्या वार्ताहर परिषदेचा तिने विपर्यास केला, तेव्हा १ ऑक्टोबर १९९७ रोजी नाटोच्या सैनिकांनी तिचे प्रक्षेपक ताब्यात घेतले. या कारवाईला माझा विरोध नाही. विहिरीत विष कालवणाऱ्याचा हात धरावाच लागतो. पण हात धरल्याने विहिरीतले पाणी गोड होत नाही. विश्वास हा रणगाड्यावर बसून येत नसतो.

मी आयुष्याची तीन दशके शासकीय सेवेत घालवली. अनुदानित संस्थांच्या कितीतरी नस्ती हाताखालून गेल्या. मार्चअखेर जवळ आला की ज्या संस्थेचे डोळे अनुदानाच्या आदेशाकडे लागतात, ती संस्था कामाकडे पाहायचे विसरते. तिचा खरा धनी लाभार्थी राहत नाही. सही करणारा होतो. बोस्नियातील या वाहिनीचेही तेच झाले. तिला परदेशी राजधान्यांची मर्जी राखावी लागली; झेनित्सातल्या कामगाराची मर्जी राखण्याचे तिला कारणच उरले नाही. शतक पालटता पालटता दात्यांचा उत्साह ओसरला, पैसा आटला, आणि निःपक्षतेचा तो प्रयोग पुढे एक साधी व्यापारी वाहिनी होऊन बसला. बान्या लुकातील ‘आल्तेर्नातिव्हना’ वाहिनीची कथा तर अधिक बोलकी आहे. नव्वदच्या दशकात सर्ब राष्ट्रवाद्यांना पर्याय म्हणून परकीय साहाय्याने वाढलेली ही वाहिनी. तीच सर्ब नेते मिलोराद दोदिक यांच्या नियंत्रणाखाली असल्याचे सांगून अमेरिकेने जानेवारी २०२२ मध्ये तिच्यावर निर्बंध लादले. ज्यांनी रोप लावले त्यांनीच कुऱ्हाड काढावी, यापरता पराभव कोणता?

यावर कोणी म्हणेल, परक्यांचे सोडा, कायद्याने सार्वजनिक वाहिनी उभारलीच होती ना? होय, उभारली होती. २००५ च्या कायद्याने एक देशव्यापी आणि दोन प्रादेशिक अशा तीन सार्वजनिक वाहिन्यांची व्यवस्था आखली. घरोघरच्या शुल्कातील निम्मा वाटा देशव्यापी वाहिनीला, आणि पाव-पाव हिस्सा दोन प्रादेशिक वाहिन्यांना! कागदावर हा हिशेब निर्दोष होता. पण ज्या सामायिक महामंडळाने हा कारभार पाहायचा, ते कधी अस्तित्वातच आले नाही. सर्ब प्रजासत्ताकाच्या वाहिनीने गोळा केलेल्या शुल्कातला देशव्यापी वाहिनीचा वाटा वर्षानुवर्षे अडकून पडला; क्रोएट नेते स्वतंत्र वाहिनी मागत राहिले. जून २०१६ अखेर प्रक्षेपण बंद करण्याचे देशव्यापी वाहिनीच्या व्यवस्थापनाने जाहीर केले होते. ते संकट कसेबसे टळले. कर्ज मात्र टळले नाही. एका देशाची बातमी सांगणारी वाहिनी तीन दारांवरची थकबाकी मागत फिरावी, हा अपघात नव्हे. ती उपाशी राहण्यातच तिघांचे हित होते.

‘प्रत्येक समाजाला आपली वाहिनी असू द्यावी, हीच खरी लोकशाही’ हा युक्तिवाद दिसायला उदार आहे. पण तिथे कोणी पावाला ‘क्रुह’ म्हणतो, कोणी ‘ह्ल्येब’. कोणी लॅटिन लिपीत लिहितो, कोणी सिरिलिकमध्ये. आणि एकाच वृत्तनिवेदकाचे बोलणे तिघांनाही दुभाष्यावाचून कळते. भाषा वेगळी म्हणून वाहिनी वेगळी, हे कारण नसून निमित्त आहे. शिवाय मिश्र विवाहाच्या घराने कोणती वाहिनी लावायची? तिथल्या ज्यू किंवा रोमा माणसाने कोणती? तिन्ही समाजांबाहेरच्या माणसाला अध्यक्षमंडळाची निवडणूक लढवता येत नाही, हा भेदभाव असल्याचा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सेजदिच आणि फिंची यांच्या खटल्यात २००९ मध्ये दिला. राज्यघटनेत ज्याला जागा नाही, त्याला बातमीतही जागा नाही, असा हा दुहेरी न्याय आहे.

मग करायला काय हवे होते? वाहिनीच्या झगमगाटाआधी मनोरे सामायिक ताब्यात घ्यायला हवे होते. शुल्क थोडके ठेवून, तिघांपैकी कुणाच्याही तिजोरीत न जाता ते थेट वाहिनीकडे पोहोचेल अशी सोय करायला हवी होती. आणि परकीय पैसा द्यायचाच, तर तो निवडणुकीच्या आठवड्यासाठी नव्हे, एक पिढी वाढेपर्यंत द्यायला हवा होता. वेढ्यातल्या सारायेव्होत ‘ओस्लोबोजेन्ये’ दैनिकाची इमारत तोफांनी उद्ध्वस्त झाली, तरी बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट पत्रकारांनी मिळून तळघरातून अंक काढणे चालू ठेवले. निःपक्षतेचे बीज त्या मातीत नव्हते, असे म्हणणाऱ्यांनी त्या तळघराचे स्मरण ठेवावे.

परक्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान ओंजळ उघडेपर्यंतच भागते. पण बोस्नियातील माणसाला स्वतःची ओंजळ नव्हती, असे नाही. ती पुढे करण्याआधीच तिघांनी तिच्या वाटण्या करून घेतल्या होत्या, आणि तिला पाणी पाजायला आलेले घड्याळाकडे पाहत उभे होते.